प्रत्यारोपणानंतर जुलाब लागले तर: घरी काय करायचं आणि पहिला फोन कुणाला करायचा

"साधे जुलाब आहेत हो सिस्टर. कालपासून चार-पाच वेळा झाले. मेडिकलमधून गोळी आणून घेतली, आता बरं वाटतंय." असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गोळीचं नाव काय? पाकीट हातात घ्या आणि वाचून दाखवा."

मी प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते. ऑपरेशनच्या आधी कागदपत्रं आणि तपासण्यांची धावपळ असते, आणि ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं पेशंटचे आणि घरच्यांचे फोन येत राहतात. त्यात पोट बिघडल्याचे फोन पुष्कळ, आणि त्यातले बरेच दोन दिवस उशिरा आलेले. ज्यांच्या घरी किडनी, लिव्हर किंवा हृदय बदललेलं माणूस नुकतंच डिस्चार्ज घेऊन आलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पेशंटनं वाचावंच, पण स्वयंपाकघर आणि औषधांचा डबा ज्यांच्या हातात आहे त्यांनी जास्त नीट वाचावं.

बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा: प्रत्यारोपण झालेल्या माणसाला जुलाब लागले की नवा अवयव धोक्यात येतो, म्हणून पहिला फोन प्रत्यारोपण टीमला करायचा. मेडिकलवाल्याकडे, शेजारच्या डॉक्टरांकडे, आत्याच्या काढ्याकडे नंतर.

पोट बिघडलं तर किडनीचं काय जातं?

शरीरानं नवा अवयव परका समजून त्याच्यावर हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. आपल्याकडे बहुतेकांना तीन असतात: टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन. प्रतिकारशक्ती दबलेली असली की दूषित पाण्यातले थोडे जंतूही आजार करायला पुरतात. ते आतड्यात जास्त दिवस ठाण मांडतात, आणि आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरण्याची भीतीही जास्त असते.

पण खरी गोम टॅक्रोलिमसमध्ये आहे, आणि ती घरच्यांना कुणी सांगितलेली नसते. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून हे औषध मिळालं. रक्तात ते अगदी मोजूनमापून असावं लागतं: कमी पडलं तर शरीर अवयव नाकारतं, जास्त झालं तर किडनीला इजा होते. एरवी आतड्याच्या अस्तरातच या औषधाचा बराचसा भाग मोडला जातो, काही भाग परत बाहेर ढकलला जातो, आणि उरलेलं थोडंच रक्तात पोचतं. जुलाबांनी अस्तराला इजा झाली की हा पहारा ढिला पडतो. मग तीच गोळी, तोच डोस, पण रक्तातली पातळी चढते. बहुतेकांना उलटं वाटतं, की जुलाबांतून गोळी वाहून जात असेल, म्हणून एखादी जास्तीची घ्यावी. असं कधीही करू नका.

वाढलेलं टॅक्रोलिमस किडनीच्या रक्तवाहिन्या आकसवतं. तेव्हाच शरीरातलं पाणीही कमी झालेलं असतं. दोन्ही बाजूंनी मार बसला की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, दोन दिवसांत वर जातं. लिव्हर किंवा हृदय बदललेल्यांनी 'आमची किडनी तर आमचीच आहे' म्हणून निर्धास्त राहू नये; ते टॅक्रोलिमस घेत असतील तर हेच गणित त्यांनाही लागू आहे.

आणखी एक गुंता आहे. मायकोफिनोलेटमुळे, कुठलाही जंतू नसताना, नुसतेही जुलाब होतात. प्रत्यारोपणानंतरच्या जुलाबांचं हे एक नेहमीचं कारण आहे. म्हणून कुणीतरी मोबाइलवर वाचतं आणि गोळी बंद करून टाकतं. आमच्याकडे एका काकांनी ती आठ दिवस बंद ठेवली होती. जुलाब निघाले साल्मोनेलाचे. म्हणजे जंतू तसाच राहिला, आणि गोळी नसल्यामुळे रिजेक्शनची, म्हणजे शरीरानं अवयव नाकारण्याची, सुरुवात झाली. बायोप्सी, सुई, पुन्हा अ‍ॅडमिशन, सगळं झालं. मायकोफिनोलेटचा डोस कमी करायचा, विभागून द्यायचा, की त्याचा दुसरा प्रकार द्यायचा, हे तपासण्या पाहून डॉक्टर ठरवतात. घरी ठरवायची ती गोष्ट नाही.

पायरी १: फोन करा, आणि ही माहिती हाताशी ठेवा

दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ झालं की फोन करायचा. 'उद्यापर्यंत बघू' नको. फोन करण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: केव्हापासून, किती वेळा, रक्त किंवा आव आहे का, उलटी आहे का, ताप किती, रक्तदाब किती, आजचं वजन आणि कालचं वजन, लघवी नेहमीइतकी होते आहे का. गेल्या तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं, ते नावासकट. घरात आणखी कुणाचं पोट बिघडलं आहे का. आणि बाहेर काय खाल्लं, तेही. खाल्ल्याबद्दल आम्ही रागावत नाही. लपवलेली पाणीपुरी मात्र निदान दोन दिवस लांबवते.

वजनाचा काटा घरात हवाच. एका रात्रीत किलोभर वजन उतरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं असं समजा.

काही गोष्टींत फोनवर बोलत बसायलाही वेळ नसतो, थेट हॉस्पिटल गाठायचं: १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप, थंडी वाजून हुडहुडी, शौचातून रक्त, उभं राहिल्यावर चक्कर, लघवी एकदम कमी, पोट फुगून घट्ट होणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं. आणि उलट्यांमुळे गोळ्या पोटात टिकत नसतील तर तेही इमर्जन्सीच. प्रेडनिसोलोन बरेच महिने घेतलेल्या माणसाचं शरीर स्वतःचं स्टिरॉइड पुरेसं तयार करत नाही. ते अचानक तुटलं तर रक्तदाब कोसळू शकतो. अशा वेळी ते शिरेतून द्यावं लागतं.

ताप नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. स्टिरॉइडमुळे ताप दबतो, पोटातलं दुखणंही दबतं. पांढऱ्या पेशी मायकोफिनोलेटमुळे आधीच कमी असतात, त्यामुळे इन्फेक्शनमध्ये त्या वाढलेल्या दिसतीलच असं नाही. माणूस चेहऱ्यावरून बरा दिसतो आणि आत बिघडत असतो. मला सगळ्यात जास्त काळजी अशाच पेशंटची वाटते.

पायरी २: मेडिकलच्या काउंटरवर काहीही विकत घेऊ नका

आपल्याकडे जुलाब म्हटलं की काउंटरवरून नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल अशा जोडगोळीचं पाकीट सहज हातात पडतं. एक-दोन गोळ्या पोटात गेल्या की शौचाच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू उगवायची शक्यता कमी होते, आणि मग आम्ही अंधारात चाचपडतो. शिवाय आतड्यातले भले जंतू मरतात, आणि ज्या सी-डिफ नावाच्या जंतूबद्दल पुढं सांगणार आहे त्याला मोकळं रान मिळतं.

काही अँटिबायोटिक्स टॅक्रोलिमसशी थेट भिडतात. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन पातळी झपाट्यानं चढवतात. मेट्रोनिडाझोलनंही ती वाढू शकते. अझिथ्रोमायसिन त्या मानानं सौम्य, पण तेही विचारूनच. टीबीसाठी दिलं जाणारं रिफॅम्पिसिन उलट पातळी पाडतं. म्हणून घराजवळचे डॉक्टर काही लिहून देणार असतील तर त्यांना आमच्याशी दोन मिनिटं बोलायला सांगा. ते आनंदानं बोलतात, असा माझा अनुभव आहे.

जुलाब जागच्या जागी थांबवणारी लोपेरामाइडची गोळी ताप, रक्त किंवा सी-डिफची शंका असताना घातक ठरू शकते, कारण विष आतच कोंडून राहतं. पोट दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अजिबात नको. आटलेल्या किडनीला ते फार महागात पडतं. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध दोन चमचे घेतलं तर काय बिघडतं, असंही विचारतात. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे मायकोफिनोलेट नीट शोषलं जात नाही, आणि मॅग्नेशियमनं जुलाब वाढतात ते वेगळंच. काढे, अरिष्टं आणि झाडपाल्याची औषधंही विचारल्याशिवाय नकोत.

रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र आवर्जून विचारा. पाणी कमी झालेलं असताना त्यातल्या काही एक-दोन दिवस थांबवाव्या लागतात. इन्सुलिन घेत असाल तर त्याच्या डोसबद्दलही विचारा, कारण खाणं तुटलेलं असतं.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर किती मिनिटांनी झाली आणि उलटीत गोळी दिसली का, एवढं सांगा. परत द्यायची की नाही ते आम्ही सांगतो.

पायरी ३: पाणी, पण मापानं

ओआरएसचं मोठं पाकीट म्हणजे एक लिटर पाणी. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट अंदाजानं ओतू नका; लिटरचं माप घ्या, उकळून गार केलेल्या पाण्यात सगळं पाकीट घाला, आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेलं आहे का, ते पाकिटावर वाचा. खोक्यात मिळणारी गोड, रंगीत पेयं त्या जागी चालत नाहीत. जास्त साखरेनं जुलाब वाढतात. उलटी होत असेल तर चमच्या-चमच्यानं द्या. दर पातळ शौचानंतर साधारण एक ग्लास, हा मोठ्या माणसासाठी ढोबळ हिशेब. ज्यांना डॉक्टरांनी पाण्याचं बंधन घातलेलं आहे त्यांनी आकडा विचारून घ्यावा.

आता नारळपाण्याबद्दल. भेटायला येणारा प्रत्येक जण दोन शहाळी घेऊन येतो, मायेनंच आणतो. पण टॅक्रोलिमसमुळे रक्तातलं पोटॅशियम आधीच वर असू शकतं, क्रिएटिनिन चढलं की ते आणखी वाढतं, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. जास्त पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं. पोटॅशियमचा रिपोर्ट हातात येईपर्यंत शहाळं बाजूला ठेवा. मोसंबीच्या रसाचंही तेच. पपनस तर एरवीसुद्धा नको. गणपतीच्या दिवसांत कोकणातून आलेलं पपनस सोलून खाण्याची मजा मलाही ठाऊक आहे, पण ग्रेपफ्रूटसारखंच तेही टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं.

खायला भाताची पेज, मऊ मूगडाळीची खिचडी, उकडलेला बटाटा कुस्करून. बटाटाही पोटॅशियमचा आहे, तेव्हा तो पेजेइतका मोकळेपणानं नको. उपास करू नका.

पायरी ४: नमुना नीट द्या

शौचाचा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचा. लॅबमधून आणलेली कोरडी, स्वच्छ डबी वापरा. कमोडमधलं पाणी किंवा लघवी त्यात मिसळू देऊ नका. कमोडवर प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी ताणून लावली की काम सोपं होतं. आव किंवा रक्त असेल तर नेमका तोच भाग घ्या. दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. सकाळी घेऊन संध्याकाळी कामावरून येताना दिलेल्या नमुन्यातून फारसं काही हाती लागत नाही.

तपासण्या कुठल्या, हे टीम ठरवते, पण नावं माहीत असलेली बरी: शौचाची साधी तपासणी आणि कल्चर, सी-डिफची तपासणी, परजीवींसाठीची खास तपासणी, रक्तात क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, पेशींची मोजणी, टॅक्रोलिमसची पातळी, ताप असेल तर रक्ताचं कल्चर. साध्या कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. पीसीआर पॅनेल, म्हणजे जंतूंचा जनुकीय माग काढणारी तपासणी, काही तासांत बऱ्याच जंतूंची नावं सांगतं. ते महाग असतं, पण ज्यांची तब्येत झपाट्यानं खालावते आहे त्यांच्या बाबतीत ते पैसे वसूल होतात असं माझं मत आहे.

जंतूंची ओळख

सी-डिफपासून सुरुवात करते, कारण ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत याचाच धसका जास्त असतो. पूर्ण नाव क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल. अँटिबायोटिक्सनी आतड्यातली वस्ती उजाड झाली की हा जंतू पसरतो आणि विष सोडतो. बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये राहिलेल्या, अँटिबायोटिक्स घेतलेल्या आणि पॅन्टोप्राझोलसारखी अ‍ॅसिडिटीची गोळी सतत चालू असलेल्या पेशंटमध्ये तो जास्त दिसतो. तीनही गोष्टी आपल्या पेशंटला लागू असतात. अँटिबायोटिक थांबून काही आठवडे झाले तरी तो डोकं वर काढू शकतो, म्हणून तर तीन महिन्यांचा हिशेब विचारते. आजार फार वाढला तर जुलाब उलट थांबतात आणि पोट फुगतं. 'जुलाब थांबले, पण पोट नगाऱ्यासारखं झालंय' असा फोन आला की आम्ही अ‍ॅम्ब्युलन्स पाठवायला सांगतो.

यावरचं मुख्य औषध व्हॅन्कोमायसिन, आणि ते पोटातूनच द्यावं लागतं. शिरेतून दिलं तर आतड्यात पोचत नाही. कॅप्सूल मिळाली नाही तर इंजेक्शनच्या बाटलीतलं औषध पाण्यात मिसळून प्यायला देतात. इंजेक्शन प्यायला दिलं म्हणून घरचे घाबरून फोन करतात. नर्सचं काही चुकलेलं नसतं. फिडॅक्सोमायसिन हा दुसरा पर्याय. बरं झाल्यावर साधारण पाचातल्या एकाला हा आजार पुन्हा होतो, बहुधा पहिल्या आठ आठवड्यांत.

सी-डिफचे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी, चोळून, नखांखालून, हाच उपाय आहे. संडास, फ्लशचा खटका आणि दाराची कडी हायपोक्लोराइट असलेल्या ब्लीचनं पुसा. सुगंधी फिनाइलनं भागत नाही. जमलं तर पेशंटचा संडास काही दिवस वेगळा ठेवा.

साल्मोनेला दोन तऱ्हांचा. एक टायफॉइडचा, दुसरा अंडी-कोंबडी-दूध यांतून येणारा. हा दुसरा धडधाकट माणसाला तीन-चार दिवस हैराण करून जातो, पण आपल्या पेशंटमध्ये रक्तात उतरून हाडात, सांध्यात, रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसू शकतो. म्हणून तो सापडला की अँटिबायोटिक द्यावंच लागतं, आणि पूर्ण दिवस. टायफॉइडची शंका असेल तर विडाल तपासणीवर विसंबू नका. ती एरवीही बेभरवशाची आहे, आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीत तर अँटिबॉडीज पुरेशा तयार होतीलच असं नाही. रक्ताचं कल्चर हवं. आपल्याकडच्या टायफॉइडच्या जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन आता बहुधा लागू पडत नाही, त्यामुळे कल्चरनंतर कुठलं औषध चालतं हे कळणं मोलाचं आहे.

कॅम्पायलोबॅक्टर हे नाव पुणेकरांना जानेवारी २०२५ मध्ये कळलं. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. हातापायांतली ताकद जाण्याआधी अनेकांना जुलाब झालेले होते, आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. पाणी आणि अर्धकच्ची कोंबडी ही त्याची नेहमीची वाट. जुलाबांनंतर दोन-तीन आठवड्यांत पायात मुंग्या आणि अशक्तपणा चढत्या क्रमानं जाणवला तर त्याच दिवशी सांगा.

लिस्टेरियाची खोड वेगळी: तो फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतो. जुलाब किरकोळ, पण रक्तात आणि मेंदूच्या आवरणात जातो. ताप, मान ताठ, डोकं ठणकतंय, असं झालं तर वाट पाहू नका. ऑपरेशननंतर न्यूमोनियापासून बचावासाठी को-ट्रायमॉक्साझोलची गोळी काही महिने देतात, तिचा लिस्टेरियापासूनही थोडा आधार मिळतो. ती गोळी 'एवढी काय महत्त्वाची' म्हणून सोडू नका.

शिगेला, निरनिराळे ई-कोलाय आणि कॉलरा यांचे जुलाबही होतातच. उपाय कल्चर पाहून. कल्चरमध्ये काहीच आलं नाही आणि जुलाब चालूच असतील तर जंतू जिवाणूच असेल असं नाही. नोरोव्हायरस दबलेल्या प्रतिकारशक्तीत महिनोन्‌महिने रेंगाळतो, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी साध्या तपासणीत दिसत नाहीत, आणि सीएमव्ही हा विषाणू शोधायला रक्ताचं पीसीआर किंवा कोलोनोस्कोपी लागते. 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत' असं म्हणून घरी बसू नका.

स्वयंपाकघर

पथ्याची छापील यादी डिस्चार्जच्या वेळी मिळते, ती फ्रीजवर लावलेली असते, आणि तरीही गडबड होते ती यादीत नसलेल्या गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट विळी. तिच्यावर आधी मासे साफ झाले आणि मग कोशिंबिरीची काकडी चिरली गेली, तर काकडी कितीही धुतलेली असो, उपयोग नाही. मांसमच्छीसाठी वेगळी सुरी आणि वेगळा पाट ठेवा. कोंबडी नळाखाली खळखळून धुवायची सवय आपल्याला आहे. त्या शिंतोड्यांबरोबर जंतू सिंकभर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. धुवायचीच असेल तर पातेल्यात हलक्या हातानं, आणि नंतर सिंक साबणानं घासून. हे काम पेशंटनं करू नये.

दुसरी, उरलेला भात. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीला टाकायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. पण भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू बाहेरच्या उष्णतेत वाढतो आणि विष तयार करतो, ते फोडणीनं जात नाही. भात उरला तर तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करा, आणि पुन्हा उरला तर गाईला द्या, पेशंटला नको.

मोड आलेली कडधान्यं उसळ करून चांगली शिजवून खा. कच्ची मटकी, कच्चे मूग सॅलडमध्ये नकोत. ज्या ओलाव्यात मोड येतात त्याच ओलाव्यात जंतूही वाढतात. दूध उकळूनच, धारोष्ण दूध कितीही पौष्टिक म्हणून कुणी दिलं तरी नको. घरी उकळलेल्या दुधाचं ताजं दही बहुतेक टीम काही काळानं चालू करू देतात. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नकोत. त्यातलेच जंतू रक्तात सापडल्याच्या नोंदी आहेत. अंडं पूर्ण उकडलेलं. कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) कच्च्या-अर्धकच्च्या अजिबात नाहीत.

पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या आणि झाकून गार करा. माठ वापरत असाल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा; पेला बुडवला की बोटं पाण्यात जातात. फिल्टर आहे म्हणून पावसाळ्यात उकळणं सोडू नका. नळाला गढूळ पाणी आलं की त्या दिवशी दात घासायलाही उकळलेलंच घ्या.

बाहेर खायचं तर समोर कढईतून निघालेलं गरम खा. वडापाव खाल्ला तर ओली चटणी सोडा. पाणीपुरी, बर्फाचा गोळा, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, लग्नातल्या बुफेतलं तासन्‌तास उघडं सॅलड, हे सगळं बंद. परदेशात मुलाकडे गेलेल्यांना वेगळे सापळे असतात: कच्च्या दुधाचं मऊ चीज, दुकानात कापून मिळणारं थंड मांस, सुशी, आतून गुलाबी राहिलेला बर्गर.

वारीला जाऊ का, असं दर वर्षी विचारतात. ऑपरेशनच्या पहिल्या वर्षात किंवा रिजेक्शनवर उपचार झाल्यावर लगेच नको, असं मी स्पष्ट सांगते. पुढं जायचं तर पिण्याचं पाणी स्वतःचं, तीर्थ डोळ्यांना लावावं, पंगतीत गरम तेवढंच घ्यावं, ओआरएस सोबत ठेवावं आणि खिशात औषधांची यादी. माउली समजून घेते.

गावी गोठा किंवा कोंबड्या असतील तर शेण काढणं, खुराडं झाडणं दुसऱ्यानं करावं. शेतकरी पेशंटला हे सांगताना मला जड जातं, कारण ते त्याचं रोजचं काम असतं. निदान हातमोजे, गमबूट आणि नंतर साबणानं कोपरापर्यंत हात, एवढं तरी.

लस आणि घरातलं बाळ

टायफॉइडची इंजेक्शनची लस चालते, तोंडानं द्यायची जिवंत जंतूंची लस चालत नाही. इंजेक्शनच्याच प्रकारातली टायफॉइड कॉन्ज्युगेट लस २०१८ साली नवी मुंबई महापालिकेनं मुलांना मोहीम काढून दिली होती. सार्वजनिक यंत्रणेतला तिचा तो पहिला मोठा वापर. ऑपरेशनच्या आधी घेतली तर उत्तम, नंतर घ्यायची तर काही महिने जाऊ द्यावे लागतात.

घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं लसीकरण थांबवू नका, पण बाळाच्या डॉक्टरांना घरी प्रत्यारोपणाचा पेशंट आहे हे आधी सांगा, म्हणजे पोलिओच्या थेंबांऐवजी इंजेक्शनचा विचार करता येतो. रोटाव्हायरसच्या थेंबांनंतर चार आठवडे पेशंटनं लंगोट बदलू नये. नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही.

जुलाब थांबल्यावर

इथं बहुतेक जण ढिले पडतात. आजारात टॅक्रोलिमसची पातळी चढली म्हणून डोस कमी केलेला असतो. अस्तर भरून आलं की तोच कमी डोस अपुरा पडायला लागतो. मायकोफिनोलेट कमी केलेलं असेल तर तेही पूर्ववत करायचं राहून जातं, आणि पुढच्या महिन्यात क्रिएटिनिन वाढतं, ते आता रिजेक्शनमुळे. म्हणून जुलाब थांबल्यावर आठवडाभरात पातळी आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासायचं, आणि बदललेला प्रत्येक डोस तारखेसकट वहीत लिहायचा. अँटिबायोटिकचे ठरलेले दिवस पूर्ण करा. ते संपल्यावर दोन महिने पुन्हा पातळ होतंय का यावर लक्ष ठेवा, झालं तर पुन्हा पहिल्या पायरीपासून.

पातळीसाठीचं रक्त सकाळचा डोस घेण्याआधी, रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. घरून गोळी घेऊन निघालात तर आकडा खोटा येतो आणि त्यावरून डोस चुकीचा ठरतो. गोळी डबीत घालून सोबत न्या, पाण्याची बाटली न्या, आणि रक्त दिलं की तिथंच घ्या.